तुमी बगा

आटपाडीच्या स्टँडवर एकदा एका म्हातारीनं गिरणीवाल्या दादांना विचारलं, विट्याला जायला समोरची गाडी धरू का मागनं येणारी. मी शेजारीच उभी होते. समोरची गाडी खच्चून भरलेली. मागची अर्ध्या तासानं लागणार होती आणि ती बहुतेक रिकामीच जायची. दुसरं कुणीही असतं तर म्हणालं असतं, बसा आजी, मागनं जा. त्यांनी दोन्ही गाड्यांची सगळी हकिगत सांगितली. कुठली कुठं थांबते, कुठली कुठल्या रस्त्यानं जाते, जागा कशात मिळेल, उशीर कशात होईल. म्हातारीनं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग जाऊ कशानं?"

त्यांचा चेहरा उतरला. कपाळावर घाम आला. हात जोडून ते म्हणाले, "आजी, ते तुमी बगा," आणि रस्ता ओलांडून चालू लागले. म्हातारी माझ्याकडं बघत राहिली. आपण काही वावगं बोललो की काय, असं तिला वाटलं असावं.

गावात त्यांना 'तुमीबगा' हेच नाव पडलं होतं. न्हाव्यानं त्यांना काही विचारायचं सोडून दिलं होतं, कारण ते केस कापून घ्यायचे पण शेजारच्या गिऱ्हाइकानं नुसतं 'मिशी ठेवू का काढू' असं विचारलं तरी अर्ध्यात उठायचे. लग्नाच्या स्थळाबद्दल, बोअर मारण्याबद्दल, पोराला सायन्सला घालावं का कॉमर्सला, कशाबद्दलही त्यांच्याकडं कुणी जात नसे. शिकलेला माणूस आहे, मुंबई बघितलेला आहे, म्हणून सुरुवातीला लोक यायचे म्हणे. मग बंद झाले.

ते पिठाची गिरणी चालवायचे. गिरणी त्यांच्या थोरल्या बहिणीची. डबा घेताना ते एवढंच विचारत, बारीक का जाड. गिऱ्हाईक जर म्हणालं, तुमाला बरं वाटंल तसं, तर डबा बाजूला ठेवला जायचा. एका नव्या सुनेचा ज्वारीचा डबा सकाळपासून दुपारपर्यंत तसाच पडून होता. शेवटी तिनं सासूला फोन लावून विचारलं, तेव्हा दळण झालं. लोक हसायचे. मीसुद्धा पहिले पंधरा दिवस हसले.

मी त्यांच्याकडं भाड्यानं राहायला आले ती इंटर्नशिपसाठी. जनावरांची डॉक्टर व्हायचं शिकत होते, शेवटचं वर्ष होतं, आणि आटपाडीच्या सरकारी दवाखान्यात माझी नेमणूक झाली होती. माझं गाव माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढं. घरात मेंढरं. वडील मुंबईत माथाडी, वर्षातनं दोनदा गावी येणार. आमच्या भावकीत ऑफिसात खुर्चीवर बसलेलं कुणी नव्हतं, आणि गावानं मला पदवी मिळायच्या आधीच डॉक्टरीणबाई म्हणायला सुरुवात केली होती. वडील फोनवर सोबतच्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचे, आज किती जनावरं तपासली.

गिरणीच्या मागं एक खोली होती. घरमालकीण म्हणजे ती बहीण, सगळं गाव तिला आक्का म्हणायचं. तिचे मिस्टर फौजेत होते, ते गेल्यावर तिनं गिरणी टाकली. मी भावाला दादा म्हणायला लागले. चाळिशीचा माणूस, किरकोळ अंगाचा, भुवया कायम पिठानं पांढऱ्या. गिरणी बंद असली की दारात पायरीवर बसायचे, तोंड रस्त्याकडं.

मी एक अर्ज भरला होता. कुणालाच सांगितलं नव्हतं. पुण्यातली एक कन्सल्टिंग कंपनी, डेअऱ्या, अंडी उबवणाऱ्या हॅचऱ्या, खाद्यपदार्थांचे कारखाने अशांना सल्ला देणारी. कुठल्याही शाखेचे पदवीधर चालतील असं लिहिलेलं होतं. पण तिथं घेतलेली मुलं कोण आहेत हे मी शोधून पाहिलं, तर सगळे इंजिनिअर आणि एमबीए. मेंढरं राखलेली पोरगी त्यांत एकही दिसेना. फोनला रेंज फक्त अंगणात यायची, म्हणून मी तिथं उभी राहून मुलाखतीच्या तयारीचे व्हिडिओ बघायचे. एका सकाळी दादा गव्हाचा डबा खांद्यावर घेऊन जाताना थांबले.

"कन्सल्टिंग?" त्यांनी विचारलं.

तो शब्द त्यांच्या तोंडून इतका सफाईदार आला की मी चपापले. मी हो म्हणाले. ते डबा घेऊन आत गेले आणि त्या दिवशी पुन्हा बोलले नाहीत.

मग आक्कानं सांगितलं. पाच वर्षं हा असल्याच कंपनीत होता, मुंबईला. मोठ्या कॉलेजातनं इंजिनिअर झालेला. विमानानं जायचा, विमानानं यायचा. आक्काला त्या धंद्याचं अजून नवल वाटत होतं. ती म्हणाली, "सल्ल्याचं बी पैसं देत्यात गं लोक? हितं फुकट दिला तर कुणी घेत न्हाई."

मग परत का आले, हे विचारल्यावर ती चाळणी झाडायला लागली. म्हणाली, ते त्यालाच इचार.

मी ते विचारलं नाही. मला दुसरंच पाहिजे होतं. अख्ख्या तालुक्यात ज्या कामाचं नाव कुणाला माहीत नव्हतं, ते पाच वर्षं केलेला माणूस माझ्या भिंतीपलीकडं दळण दळत होता. मला शिकवा म्हणून मी त्यांच्या मागं लागले. चौथ्या दिवशी ते म्हणाले, "सांगणार काय न्हाई. इचारीन फक्त."

शिकवणं ते असं. डब्याच्या झाकणावर पीठ पसरायचं आणि मी त्यात बोटानं आकृती काढायची. आटपाडीत एका दिवसात किती दळण होत असेल. एका शेळीमागं वर्षाला किती पाला लागतो. माणसं किती, घरं किती, भाकरी किती, चपाती किती. मी प्रश्नाला फांद्या काढत जायची, आणि ते नुसतं म्हणायचे, "मग?" आणि थोड्या वेळानं, "आणि?" उत्तर बरोबर का चूक, कधीही नाही. मी रडकुंडीला यायची. एकदा चिडून विचारलं की निदान मान तरी हलवा, तर झाकण झटकून आत गेले.

पण रोज शेवटी एक प्रश्न ठरलेला असायचा. "का?"

म्हणजे हे काम तुला का करायचंय. मी व्हिडिओतनं पाठ केलेलं इंग्रजी उत्तर म्हणायची. एका जनावरावर उपचार करून एका शेतकऱ्याचं भलं होतं, मला हजारोंचं भलं होईल असे प्रश्न सोडवायचेत. ते शेवटपर्यंत ऐकून घेत आणि म्हणत, "का?" मी आणखी सजवून सांगायची. "का?" तीन आठवडे हे चाललं. मला त्या एका अक्षराची धास्ती बसली. सकाळी जाग आली की पहिल्यांदा तेच आठवायचं.

खरं उत्तर मला माहीत होतं. तिसऱ्या वर्षी, गाभण आहे का हे बघायच्या प्रॅक्टिकलला, एका म्हशीनं मला लाथ मारली होती. दोन बरगड्या गेल्या. दोन महिने घरी पडून होते. बरगड्या सांधल्या, पण त्यानंतर मोठ्या जनावराच्या मागं उभी राहिले की माझे पाय बधिर व्हायचे. खाली जमीन आहे हेच कळायचं नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आईला नाही, मैत्रिणींना नाही. दवाखान्यात शेळ्या, मेंढरं, कोंबड्या, कुत्री मी पुढं होऊन घ्यायची. म्हैस किंवा खिलार बैल आला की मला फोन यायचा, नाहीतर औषध काढायला मी आतल्या खोलीत जायची. जनावरांची डॉक्टर, आणि जनावराला भिते. वडिलांना हे कळलं तर ते काय करतील, याचा विचारसुद्धा मी पुरा करत नसे. ओझी वाहून त्यांचा एक खांदा कायमचा खाली गेला होता.

भित्र्या माणसाला दुसरं भित्रं माणूस लवकर ओळखू येतं. दादा कशाला तरी भितात हे मला फार आधी कळलं होतं. मोटरसायकल फाटकापाशी थांबली की हातातलं काम तसंच राहायचं. कोण आलंय ते दिसेपर्यंत ते श्वास घेत नसत. दूधवाला दिसला, पोस्टमन दिसला, की खांदे सैल व्हायचे. मी म्हशीच्या शेपटीकडं जशी बघायची, तसेच ते त्या फाटकाकडं बघायचे.

एक दिवस गिरणी चालू असतानाच त्यांनी मला समोर उभं केलं. पट्ट्याचा आवाज, जात्याचा आवाज, ओरडल्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं. सात-आठ माणसं डबे घेऊन रांगेत होती. दादांनी ओठांनीच विचारलं, का. मी ओरडून उत्तर दिलं. त्यांनी कानाला हात लावला. मी दुसऱ्यांदा ओरडले. पुन्हा कानाला हात. चौथ्या-पाचव्यांदा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि इतक्या आवाजात कुणाला काय कळणार आहे असं वाटून मी एकदाचं खरं ओरडले, की मला म्हशीची भीती वाटते.

नेमकी त्याच क्षणाला लाइट गेली. गिरणी थांबली. माझं वाक्य मात्र तिथंच राहिलं.

रांगेतल्या प्रत्येकाच्या घरी म्हैस होती. कुणी हसलं नाही, हेच मला जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात एक माणूस म्हैस घेऊन आला आणि फार मायेनं म्हणाला, ताई, तुमी लांबच थांबा. संध्याकाळपर्यंत मोठ्या डॉक्टरांपर्यंत गोष्ट गेली. त्यांनी मला बोलावून सांगितलं की मोठ्या जनावरांच्या तपासण्या वहीत भरल्याशिवाय माझ्या इंटर्नशिपवर सही होणार नाही. म्हणजे पदवी नाही. आणि पदवी नाही तर पुण्याची नोकरीही नाही. जिच्यापासून पळायचं होतं तिच्या मागं उभं राहिल्याशिवाय पळायची वाट नव्हती.

त्या तपासण्या मी केल्या. दवाखान्यातला मदतनीस, ड्रेसर, शेपूट धरायचा, दोघं जण म्हैस बांधून ठेवायचे, आणि मी खांद्यापर्यंत हातमोजा घालून डोळे मिटायची. रोज खोलीवर येऊन उलटी व्हायची. तोंड धुवायला दार उघडलं की उंबऱ्याबाहेर पाण्याचा तांब्या भरून ठेवलेला असायचा. दादा तोवर पायरीवर जाऊन बसलेले असायचे. आणि गिरणीतल्या त्या दिवसानंतर 'का' हा प्रश्नही त्यांनी पुन्हा विचारला नाही.

दादा ज्याला भ्यायचे तो माणूस आला तेव्हा डिसेंबर होता. माझी पहिली मुलाखत फोनवर होऊन गेली होती, शेवटची पुण्याला व्हायची होती. त्या दिवशी गिरणी उघडली नाही. आक्कानं सकाळी सकाळी भाकरी जास्त थापल्या. कोण येणार आहे विचारलं, तर म्हणाली, येनार हाय एक जन, दरसाल येतो.

दहाच्या सुमाराला मोटरसायकल थांबली. दादा पायरीवर बसले होते, त्यांनी मान वर केली, आणि या वेळी त्यांचे खांदे सैल झाले नाहीत. आलेला माणूस पन्नाशीचा होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, पायात पॉलिश केलेले बूट. ते त्यानं नीट कडेला काढून ठेवले. आक्काच्या गुडघ्याची चौकशी केली. चहा घेतला. औंधाकडून आला होता, थंडीत ऐंशीएक किलोमीटर. मग कपबशी खाली ठेवून म्हणाला, "साहेब, काय ठरलं?"

 दादा दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसले होते.

मी दारात उभी होते. आक्कानं, भोळेपणानं, ही पोरगीबी त्याच कामाला निघाली हाय असं सांगून टाकलं. तेव्हा तो माझ्याकडं वळला आणि अगदी शांतपणे, शाळेत गोष्ट सांगावी तसं, सगळं सांगितलं. तो एका डेअरीच्या शीतकरण केंद्रावर सुपरवायझर होता. आसपासच्या गावांचं दूध तिथं गोळा होऊन थंड व्हायचं. डेअरीनं मुंबईची कंपनी बोलावली, कंपनीनं ह्या साहेबांना पाठवलं. साहेब चार दिवस राहिले. विचारलं ते सगळं त्यानं दाखवलं. दूध किती येतं, नासतं किती, डिझेल किती जळतं. एक आकडा लपवला नाही. दुपारी घरी जेवायला नेलं. साहेबांनी अहवालात लिहिलं, हे केंद्र बंद करा. बंद झालं.

"मग मी पत्ता काढत हितं आलो," तो म्हणाला. "म्हटलं, साहेब, डेअरीनं काय करायचं ते तुमी सांगितलं. आता मी काय करायचं ते बी सांगा."

पहिल्या वर्षी, दादा मुंबईहून सुट्टीला आले असताना, तो तीन दिवस या अंगणात बसून होता. त्यानंतर केंद्र बंद झालं त्या तारखेला दरवर्षी येतो. हे सातवं वर्ष.

दादांची बाजू घ्यायची म्हणून मी काहीतरी बोलले. त्यांची चूक झाली असेल, तेव्हा वय लहान असेल, असं काहीसं.

"चूक?" तो म्हणाला. "न्हाई ताई. बरोबर हुतं त्येंचं. मी त्येंच्या जागी असतो तर मी बी तेच लिवलं असतं. म्हणून तर येतो. चुकलेल्या माणसाला कोण इचारायला जातंय?"

त्याच्या आवाजात राग असता तर मला इतकी भीती वाटली नसती.

दादा म्हणाले, "मला अजून सापडलं न्हाई."

"बरं," तो म्हणाला. "घाई न्हाई." भाकरी खाऊन, आक्काच्या पाया पडून, बूट घालून तो गेला. मोटरसायकलचा आवाज बंद झाल्यावरही दादांनी हात मांड्यांखालून काढले नाहीत.

त्या संध्याकाळी ते माझ्याशी जेवढं बोलले तेवढं त्याआधी किंवा नंतर कधी बोलले नाहीत. पहिल्या वर्षी त्यांना वाटलं होतं, हा मारायला आलाय. मारलं असतं तर बरं झालं असतं, ते म्हणाले. फिटलं असतं. लाजेनं नोकरी सोडली असं घरचे समजतात, पण तसं नव्हतं. त्याच्यानंतर दुसऱ्या एका कारखान्यात काम होतं, समोर एक माणूस वही उघडून बसला, मोकळ्या मनानं आकडे सांगायला लागला, आणि यांचा पेन धरलेला हात चालेना. बधिर झाला. तीन ठिकाणी तसंच झालं. मग परत आले. तेव्हापासून कुणी नुसतं 'काय करू' म्हटलं तरी हाताला मुंग्या येतात.

मी माझ्या पायांकडं बघत ऐकत होते. मग मी ते बोलले. बोलायला नको होतं, हे बोलतानाच कळत होतं. मी म्हणाले, "मग दादा, मी जाऊ का नको?"

त्यांनी तोंड उघडलं. काहीतरी सांगायचं त्यांच्या मनात होतं, हे मला अजूनही शपथेवर सांगता येईल. ओठ हलले. मग त्यांनी हात जोडले.

"ते तुमी बगा," ते म्हणाले. मला ते नेहमी 'तू' म्हणायचे.

पुण्याला मी एकटीच गेले. सकाळच्या गाडीनं, फलटणमार्गे. काचेच्या खोलीत टेबलापलीकडं तीन माणसं होती. माझ्याआधी आत गेलेला मुलगा हसत बाहेर आला होता, त्याच्या अंगाला भारी अत्तराचा वास होता. माझ्या हातांना, कितीही धुतले तरी, दवाखान्याच्या फिनेलचा वास येतोय असं मला वाटत होतं. पहिलाच प्रश्न आला की जनावरांची डॉक्टरकी सोडून इकडं कशाला.

पाठ केलेलं उत्तर जिभेवर होतं. पण दादांच्या 'का'पुढं ते इतक्या वेळा पडलं होतं, की ते आता माझ्याच्यानं म्हणवेना. मी सांगितलं की मी जनावरांना भिते. म्हशीच्या मागं उभी राहिले की माझे पाय बधिर होतात. वहीतल्या सगळ्या तपासण्या केल्यात, पण जन्मभर तसं जगता येणार नाही. एक जण हसला. मधली बाई हसली नाही. तिनं विचारलं, "आणि आमची भीती नाही वाटत?"

"वाटते मॅडम," मी म्हणाले. "पण इथं पाय बधिर झाले तरी बसून बोलता येतं."

मग तिनं मला प्रश्न घातला. एका कंपनीच्या चार हॅचऱ्या आहेत, तोटा होतोय, काय करावं. मी कागद घेतला आणि फांद्या काढत गेले. मग, आणि. मग, आणि. अंडी किती, पिल्लं किती, मेलेली किती, वाहतूक किती. वीस मिनिटांत उत्तर आलं. तिसरी बंद करायची. उत्तर बरोबर होतं, तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. तेव्हाच मला त्या तिसऱ्या हॅचरीत एक माणूस दिसला. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, सगळे आकडे खरे सांगणारा.  शेवटी त्यांनी विचारलं, तुला काही विचारायचंय का. विचारायचं होतं. ज्याचं बंद होणार त्याला कोण सांगतं, आणि तो विचारायला आला तर काय म्हणायचं. पण ते विचारलं तर नोकरी जाईल असं वाटलं. मी नाही म्हणाले.

निवड झाली. आक्कानं गल्लीत पेढे वाटले. वडिलांना मी सांगितलं की डॉक्टरच आहे, पण ऑफिसातली. त्यांनी तेच मोठ्या आवाजात सोबत्यांना सांगितलं. दादांना सांगायला गेले तर त्यांनी गिरणी बंद केली, हात पुसले, कधी निघणार विचारलं, आणि पुन्हा पट्टा चढवला.

याला आता दोन वर्षं झाली. मी पुण्यात असते. गेल्या डिसेंबरात आक्काचा फोन आला. तिचा आवाज बारीक झाला होता. तारीख उलटून गेली, तो माणूस आला नव्हता. पहिल्या दिवशी दादा पायरीवरनं उठले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. गिरणी बंद, लोक डबे ठेवून परत जातायत. तिसऱ्या दिवशी जेवणसुद्धा सोडलं. मेला आसंल गं, असं सारखं म्हणतोय, आक्का म्हणाली. चौथ्या दिवशी त्यांनी कुणाची तरी मोटरसायकल मागून घेतली आणि औंधाकडं निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ऑफिसात असताना दादांचा फोन आला. त्यांनी मला आपण होऊन फोन करायची ती पहिलीच वेळ.  औंधाकडं काय झालं ते सांगितलं. घर विचारत विचारत सापडलं. तो माणूस परड्यात दुधाचे कॅन धूत होता. आता गावातल्याच चार-पाच जणांना घेऊन दूध गोळा करतो, तपासून शहरात पाठवतो. कामाची गडबड होती. म्हणाला, साहेब तुमी? बसा जरा. दादा दोन तास बाजेवर बसून राहिले. मग तो हात पुसत आला, चहा सांगितला आणि तारीख आठवून कपाळाला हात लावला.

"इसरलोच म्हणाला," दादा म्हणाले. "मी म्हटलं, मग ठरलं का, काय करायचं ते? तर म्हणाला, ठरायचं काय त्यात, करत गेलो."

मी म्हणाले, मग सुटलात की दादा. एवढी वर्षं जीव टांगणीला होता.

 मागं गिरणी चालू असल्याचा आवाज येत होता.

"न्हाई गं," ते म्हणाले. "कुणाला भ्यायचं, कुठल्या दिवशी भ्यायचं, हे तरी ठाऊक हुतं. आता ती बी सोय ऱ्हायली न्हाई."

मग त्यांनी माझी चौकशी केली. माझ्यासमोर लॅपटॉपवर एक अहवाल उघडा होता. पशुखाद्याच्या एका कंपनीची दोन युनिटं बंद करायची होती, दोन्ही मी फिरून पाहिली होती, आणि आकड्यांत कुठंही चूक नव्हती. तीनदा तपासले होते. मी म्हणाले, चाललंय.

"तिथल्या माणसांनी जेवायला घातलं का?"

"एका ठिकाणी घातलं. मॅनेजरनं. डबा आणला होता घरनं."

"त्याला तुझा पत्ता म्हाईत हाय?"

मी नाही म्हणाले. कंपनीचं कार्ड दिलं होतं, त्यावर ऑफिसचा नंबर असतो, तो कुणी उचलत नाही.

गिरणीचा आवाज थांबला. त्यांनी बंद केली असावी. 

"देऊन ठेव," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

आठवड्याभरानं मी त्या युनिटवर गेले. माझ्या ऑफिसातल्या साहेबांना सांगितलं होतं, कागदपत्रं राहिलीत. माझ्या खोलीचा पत्ता आणि माझा नंबर मी एका कागदावर लिहून त्या मॅनेजरच्या हातात दिला.  त्यानं तो वाचला, घडी घालून खिशात ठेवला, आणि कशासाठी हे विचारलं नाही. चहा घेणार का, एवढंच विचारलं. मी थांबले, चहा घेतला. कप धरायला मला दोन्ही हात लागले.

मार्चमध्ये ते युनिट बंद झालं. अजून कुणी आलेलं नाही.